ओढ्याकाठची भिंत

मोडलारॉइट हे जेमतेम पन्नास वस्तीचं जर्मन गाव. मधून टानबाख नावाचा ओढा वाहतो, उडी मारून ओलांडावा एवढाच. 1810 साली त्याच्या काठाने सीमेचे दगड रोवले गेले : एका अंगाला बव्हेरियाचं राज्य, दुसऱ्या अंगाला रॉइस घराण्याचं संस्थान. गावकऱ्यांना त्याचं काही वाटलं नाही. शाळा आणि खानावळ संस्थानाच्या, म्हणजे पुढच्या थुरिंगिया राज्याच्या बाजूला, प्रार्थनेला मात्र बव्हेरियातल्या टोपेनला जायचं, असं सगळं सुरळीत चाललं होतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर हीच जुनी रेघ अमेरिकन आणि सोव्हिएत विभागांची सीमा झाली. 1952 मध्ये लाकडी कुंपण उभं राहिलं, 1966 मध्ये सुमारे सातशे मीटर लांबीची काँक्रीटची भिंत. पलीकडच्या शेजाऱ्याला नुसता हात हलवून दाखवायलाही पूर्वेकडच्यांना मनाई होती. (पश्चिमेकडचे हात हलवत, उत्तर मिळत नसे.) अमेरिकन सैनिक या गावाला 'छोटं बर्लिन' म्हणत. खऱ्या बर्लिनवर ग्रंथालयं भरतील एवढं लिहिलं गेलं, पण फाळणीचा खुळेपणा मला इथे जास्त स्पष्ट दिसतो.

बर्लिनची भिंत 9 नोव्हेंबर 1989 ला उघडली. इथल्या लोकांना पायी पलीकडे जाण्यासाठी आणखी महिनाभर थांबावं लागलं. आता भिंतीचा एक तुकडा संग्रहालयात जपला आहे. गाव मात्र अजूनही दोन राज्यांत आहे आणि त्याचे पिनकोडही दोन आहेत.