पडद्यावरील गुण आणि विद्यार्थ्याचा विश्वास

विद्यार्थ्याने आपला स्वाध्याय कागदावर द्यावा की संगणकातून धाडावा, आणि परीक्षकाने तो हाती घेऊन तपासावा की पडद्यावर, हा प्रश्न वरवर पाहता कार्यालयीन सोयीचा वाटतो. वस्तुतः तो विश्वासाचा प्रश्न आहे.

विद्यार्थी नव्या पद्धतीला नाके मुरडतात, असा एक समज प्राध्यापकवर्गात आढळतो. तो खरा नव्हे. आपल्या जिल्ह्याचे नऊ तालुके आहेत. सोनपेठ वा पालमजवळच्या खेड्यातून केवळ एक वही देण्यासाठी एस.टी.चे भाडे आणि अख्खा दिवस खर्ची घालणाऱ्या मुलाला घरबसल्या स्वाध्याय धाडण्याची सोय नकोशी का व्हावी? पडद्यावरील तपासणीत परीक्षार्थीचे नाव झाकलेले राहते, गुणांची बेरीज यंत्र करते आणि एखादे उत्तर तपासावयाचे राहून जाण्याचा संभव कमी होतो. हे लाभ विद्यार्थी जाणतात. त्यांची तक्रार आहे ती निराळीच.

ती समजून घ्यावयाची तर मुंबई विद्यापीठाचे २०१७ सालचे उदाहरण डोळ्यांपुढे आणावे. त्या उन्हाळ्यात तेथील १७ लाखांहून अधिक उत्तरपत्रिका संगणकावर तपासण्याचा निर्णय झाला. परंतु परीक्षांचा हंगाम सुरू झाल्यानंतर कंत्राटाचा निकाल लागला. प्राध्यापकांना पुरेसा सराव मिळाला नाही. काही उत्तरपत्रिकांचा मेळच लागेना. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ अन्वये निकाल शक्यतो ३० दिवसांत आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांत लागावयास हवा. तो लागला नाही. कुलपतींनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदतही उलटली. अखेर २४ ऑक्टोबर २०१७ रोजी कुलगुरू डॉ. संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आले. मात्र निकालाअभावी ज्यांचे पुढील प्रवेश अडले, त्यांचे गेलेले वर्ष कोणी भरून दिले? दोष यंत्राचा नव्हता; पूर्वतयारीवाचून यंत्र हाती घेणाऱ्या घाईचा होता.

आमच्या विद्यापीठाचे मुख्यालय नांदेडला आहे आणि जिंतूर–पाथरीच्या विद्यार्थ्याला तेथील खिडकीशी जाऊन दाद मागणे सोपे नाही. म्हणूनच मुंबईत घडलेली चूक येथे घडली, तर ती अधिक महाग पडेल. २०२० साली महामारीच्या काळात घरून परीक्षा देताना रेंज मिळावी म्हणून गच्ची गाठणारी मुले आम्ही पाहिली आहेत. ज्याच्या घरी एकच मोबाईल आणि तोही वडिलांबरोबर शेतावर, त्याला ‘मुदत संपली’ एवढेच उत्तर देणे म्हणजे त्याच्या अभ्यासाची नव्हे, तर त्याच्या गरिबीची परीक्षा घेणे होय.

याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. आम्हीही काही वर्षे फळ्यासमोर उभे राहिलो आहोत. वही परत मिळताच मुले प्रथम गुण पाहत, हे खरे. पण नंतर हलकेच समासातील लाल शाईची ओळ वाचत. ‘मुद्दा बरोबर, उदाहरण दे’ एवढ्या चार शब्दांनी एखाद्या मुलाची पुढची वही सुधारे. पडद्यावर असा शेरा लिहिता येत नाही, असे नाही. परंतु तो लिहिण्याची सक्ती नसली आणि परीक्षकापुढे उत्तरपत्रिकांचा ढीग असला, म्हणजे उरतो तो केवळ आकडा.

यास्तव आमच्या तीन मागण्या आहेत. स्वाध्याय पोहोचल्याची पोच तत्काळ मिळावी आणि रेंज वा वीज गेल्यास मुदतवाढ हक्काने मिळावी. पद्धत लागू करण्यापूर्वी प्रत्येक परीक्षकाचा सराव पुरा व्हावा. आणि तपासलेली प्रत शेऱ्यांसह प्रत्येक विद्यार्थ्याला विनाशुल्क पाहावयास मिळावी. उत्तरपत्रिका ही माहितीच होय व ती पाहण्याचा परीक्षार्थीला अधिकार आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच दिला आहे. संगणकामुळे तर तो अधिकार देणे अगदी सोपे झाले आहे.

हे तीन दरवाजे उघडे ठेवा. विद्यार्थी नव्या पद्धतीचे स्वागतच करतील. बेरीज खुशाल यंत्राने करावी. चूक दाखवून पुढची वाट सांगण्याचे काम मात्र शिक्षकाचेच आहे, आणि ते त्याच्याकडून कोणीही काढून घेऊ नये.