एकालाच ऐकू येतो, शेजारच्याला नाही! संग्रहालयांतला हा ‘आवाजाचा झोत’ काय आहे?

आजच्या संग्रहालयात फक्त काचेच्या पेट्या नसतात. एका भिंतीवर माहितीपट सुरू असतो, शेजारी वाद्यांचं दालन असतं, पलीकडे मुलांसाठी गोष्ट. तिन्ही आवाज एकमेकांत मिसळले की कुणालाच धड ऐकू येत नाही. यावर उपाय म्हणून ‘डिरेक्शनल साउंड’ म्हणजेच ठरावीक दिशेनेच जाणारा आवाज वापरला जातो. चित्रासमोर उभं राहिलं की ऐकू येतं, बाजूला सरकलं की जवळपास थांबतं.

साधा स्पीकर सगळीकडे का ऐकू येतो?

हे आवाजाची तरंगलांबी आणि स्पीकरचा आकार यांवर ठरतं. १,००० हर्ट्झच्या आवाजाची हवेतली तरंगलांबी सुमारे ३४ सेंटीमीटर असते, तर १०० हर्ट्झच्या खर्जातल्या आवाजाची सुमारे ३.४ मीटर. स्पीकर त्याहून लहान असेल तर आवाज चहूबाजूंना पसरतो. टॉर्चसारखा झोत हवा असेल तर स्पीकर तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठा लागतो. म्हणजे दालनात मावणारच नाही इतका!

मग झोत तयार कसा होतो?

एक सोपा मार्ग म्हणजे छताला टांगलेला घुमट. त्यातला स्पीकर वर तोंड करून असतो आणि आवाज घुमटावर आपटून खाली उभ्या असलेल्या माणसाकडे येतो.

दुसरा मार्ग अल्ट्रासाउंडचा. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. त्यावरच्या लहरी आखूड असल्यामुळे अरुंद झोतात जातात. निवेदन किंवा संगीत या लहरींवर चढवलं जातं. लहरी तीव्र असल्या की हवेतून जाताना त्यांचा आकार बदलत जातो आणि त्यातून ऐकू येणारा आवाज वाटेत, हवेतच तयार होतो. पीटर वेस्टरव्हेल्ट यांनी १९६३ मध्ये या परिणामाचं गणित मांडलं. जपानमध्ये मासाहिदे योनेयामा आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये त्यावर आधारित स्पीकर मांडला. पुढे एमआयटीत संशोधन करणाऱ्या जोसेफ पोम्पेई यांनी ‘ऑडिओ स्पॉटलाइट’ नावाने तो बाजारात आणला.

अडचणी कुठे आहेत?

अल्ट्रासाउंडच्या झोतात खर्ज कमकुवत राहतो. निवेदन स्पष्ट ऐकू येतं, पण पखवाजाची घुमार हरवते. घुमटातून खालचे सूर बाहेर झिरपतात. शिवाय झोत गुळगुळीत फरशीवर किंवा काचेवर पडला की परावर्तित होऊन दालनभर फिरतो. त्यामुळे खाली गालिचा किंवा आवाज शोषणारा पृष्ठभाग नसेल, तर महागडं यंत्रही गोंगाटात भरच घालतं.

भाषेचाही प्रश्न आहे. एका झोतात एका वेळी एकच भाषा वाजते. मराठी, हिंदी आणि इंग्रजी प्रेक्षक एकत्र येणाऱ्या मुंबईतल्या दालनात मोबाइल किंवा हेडफोनवरचा ऑडिओ गाइड निवड देतो, झोत देत नाही. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना पडद्यावर मजकूर लागतोच.

ऐकणाऱ्याची मर्जी विचारली जाते का?

न्यूयॉर्कमध्ये २००७ साली एका टीव्ही मालिकेच्या जाहिरात फलकावरून असाच झोत रस्त्यावर सोडला गेला होता. जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या कानात अचानक कुजबुज येऊ लागली. काहींना गंमत वाटली, काही दचकले. तंत्र तेच, फक्त ऐकणाऱ्याने ते मागितलेलं नव्हतं.

संग्रहालयात प्रेक्षक स्वतःहून झोताखाली येतो आणि पाच मिनिटांत पुढे जातो. दालनातल्या रखवालदाराला मात्र तीच ध्वनिफीत दिवसभर ऐकावी लागते. म्हणून अशी यंत्रणा बसवल्यावर चाचणी चित्रासमोर उभं राहून घेणं पुरेसं नाही. ती रखवालदाराच्या खुर्चीत बसून, लहान मुलाच्या उंचीवर वाकून आणि शेजारच्या चित्रासमोर उभं राहूनही घ्यायला हवी.