जमिनीतील आर्सेनिक : आकड्याइतकेच महत्त्वाचे त्याचे रूप

मृदा आरोग्य पत्रिकेत 12 घटकांची नोंद असते. आर्सेनिक त्यात नाही. त्याची तपासणी वेगळी करून घ्यावी लागते आणि अहवालात बहुधा एकच आकडा मिळतो : एक किलो मातीत एकूण आर्सेनिक किती मिलिग्रॅम. पीक त्यातले किती उचलेल, हे मात्र या आकड्यावरून ठरत नाही.

प्रश्न कुठे आहे?

पश्चिम बंगालमध्ये आर्सेनिकयुक्त भूजलामुळे आजारी पडलेले रुग्ण 1983 च्या सुमारास समोर आले. पुढे बिहार आणि उत्तर प्रदेशातही गंगेच्या गाळाच्या पट्ट्यात हाच प्रश्न आढळला. आपल्या गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडच्या अंबागड चौकी भागातही भूजलात आर्सेनिक आहे. तिथे त्याचे मूळ गाळात नसून खडकात आहे. बंगालमध्ये उन्हाळी भाताला बोअरचे पाणी देतात, तेव्हा दर हंगामात थोडे थोडे आर्सेनिक खाचरात साठत जाते.

एकच आकडा, वेगळा धोका

हवेशीर जमिनीत आर्सेनिक मुख्यतः आर्सेनेट रूपात असते आणि लोहाच्या ऑक्साइडला घट्ट चिकटून राहते. खाचरात पाणी साचून राहिले की प्राणवायू संपतो, ते ऑक्साइड विरघळू लागतात आणि आर्सेनिक मोकळे होऊन आर्सेनाइट बनते. भाताची मुळे सिलिकॉन ज्या वाटेने घेतात, त्याच वाटेने आर्सेनाइटही आत शिरते. म्हणूनच इतर धान्यांपेक्षा भातात हा धोका जास्त असतो.

एनएमआर काय दाखवते?

दवाखान्यातील एमआरआयचे मूळ तत्त्व वापरणारे एनएमआर हे तंत्र घन नमुन्यावरही चालते. शक्तिशाली चुंबकात ठेवलेल्या नमुन्यातील अणुकेंद्रांच्या प्रतिसादावरून त्यांच्या शेजारी कोणते अणू आहेत, हे कळते. आर्सेनिक खनिजाच्या स्फटिकात स्फुरदाच्या जागी बसले आहे की नुसते पृष्ठभागावर चिकटले आहे, हा फरक शोधण्यास त्याची मदत होते. स्फटिकात अडकलेले आर्सेनिक सहजासहजी सुटत नाही; पृष्ठभागावरचे लवकर सुटू शकते.

मर्यादाही मोठ्या आहेत. आर्सेनिकच्या केंद्राचा संकेत बहुतेक घन पदार्थांत फार पसरट येतो, आणि मातीतील लोह तो आणखी बिघडवते. त्यामुळे हे तंत्र शुद्ध खनिजे आणि कमी लोहाच्या नमुन्यांसाठी जास्त उपयोगी पडते. प्रत्यक्ष मातीसाठी संशोधक मुख्यतः क्ष-किरण शोषणाची पद्धत वापरतात. एनएमआर ही तालुक्याच्या प्रयोगशाळेतली तपासणी नाही. मात्र कोणते खनिज आर्सेनिक धरून ठेवते हे समजले, तर जमीन सुधारण्याचे उपाय अंदाजाने करावे लागणार नाहीत.

आज काय करता येईल?

• धोक्याच्या पट्ट्यात आधी बोअरचे पाणी तपासा. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे.
• तांदूळ तपासताना ‘असेंद्रिय आर्सेनिक’ मागा. पॉलिश केलेल्या तांदळासाठी कोडेक्सची मर्यादा किलोला 0.2 मिलिग्रॅम आहे आणि ती असेंद्रिय रूपासाठीच आहे.
• खाचरातील ओली माती वाळवली की आर्सेनाइटचे आर्सेनेट होऊ लागते. रूप तपासायचे असेल, तर नमुना कसा न्यायचा हे प्रयोगशाळेला आधी विचारा.
• आलटून पालटून ओलित करा. छिद्रे पाडलेली नळी खाचरात रोवा. तिच्यातील पाणी जमिनीखाली 15 सेंटिमीटर गेल्यावर पुन्हा पाणी द्या. फुलोऱ्यात मात्र पाणी उभे ठेवा. जमिनीत कॅडमियम असल्यास ही पद्धत तज्ज्ञांना विचारूनच वापरा, कारण कोरड्या काळात ते पिकाला जास्त मिळते.
• आर्सेनिकवर उपाय म्हणून स्फुरदाची मात्रा वाढवू नका. स्फुरद मुळाशी आर्सेनेटला अडवते, पण मातीला चिकटलेले आर्सेनिक सोडवतेही.

धोक्याच्या पट्ट्यांत माती परीक्षणात आर्सेनिकची भर घालण्याची मागणी रास्तच आहे. पण केवळ एकूण आकडा छापल्याने काम होणार नाही. त्याच्याबरोबर पाण्याचा आणि तांदळाचा अहवालही शेतकऱ्याच्या हाती आला, तरच त्याला निर्णय घेता येईल.