तुमच्यात बरं आहे, जात नाही!

ऑफिसात लग्नाचा विषय निघाला की कुणीतरी हमखास मला म्हणतं, "तुमच्यात बरं आहे बाबा, जात नाही." मी हसून चहाचा कप तोंडाला लावतो. म्हणजे खोटं बोलत नाही, पण खरंही सांगत नाही. आज सांगतो.

आम्ही नगरकडचे मराठी ख्रिस्ती. पणजोबांचा बाप्तिस्मा होऊन शंभर वर्षं उलटली. आमच्याकडे धर्म बदलला तरी बहुतेकांची आडनावं तीच राहिली. त्यामुळे बायोडेटात जातीचा रकाना नसला तरी अडत नाही. आडनाव आणि मूळ गाव, एवढं जाणकार मावशीला पुरतं. तरी शंका उरलीच तर हळू आवाजात एक प्रश्न येतो, "ते पूर्वीचे कोण?" पूर्वीचे म्हणजे चार पिढ्यांपूर्वीचे बरं का!

दोन वर्षांपूर्वी माझ्यासाठी एक स्थळ आलं होतं. मुलगी शिकलेली, नोकरी करणारी, मंडळीच्या कामात पुढे. आम्ही दोनदा भेटलो, तासन्‌तास गप्पा मारल्या. मला ती आवडली होती. मग मावशीने तो प्रश्न विचारला, उत्तर मिळालं आणि आठवड्याभरात आमच्याकडून नकार गेला. हिंदू घरांत निदान पत्रिका जुळत नाही असं सांगायची सोय असते. आमच्याकडे ती नाही. म्हणून आम्ही कळवलं, "प्रार्थना केली, पण प्रभूची इच्छा दिसत नाही."

हे वाक्य मला अजून टोचतं. देवाचं नाव व्यर्थ घेऊ नये ही आज्ञा आम्हाला लहानपणीच पाठ करून घेतात, आणि तिचा अर्थ आम्ही 'शपथा घेऊ नका' एवढाच लावतो. अहो, स्वतःच्या जातीच्या अहंकाराला देवाची सही ठोकायची, याहून त्याचं नाव व्यर्थ घेणं म्हणजे आणखी काय?

आणि मी काय केलं? काहीच नाही. गप्प बसलो. त्या रविवारी उपासनेत नेहमीसारखा कीबोर्ड वाजवला, प्रभुभोजन घेतलं आणि घरी येऊन मटण खाल्लं. म्हणजे ही तक्रार फक्त मावशीबद्दल नाही.

आता यावर ठरलेलं उत्तर येतं, की विश्वास वेगळा आणि सामाजिक गोष्टी वेगळ्या; तारणाचा आणि सोयरिकीचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो आमच्याच शास्त्रात आहे. अंत्युखियात काय झालं आठवा. पेत्र तिथे यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांच्या पंगतीला बसून जेवत होता. यरुशलेमेहून काही लोक आले, तसा तो घाबरून त्या पंगतीतून उठला. त्याने सिद्धांत बदलला नव्हता, उपदेशही बदलला नव्हता; बदललं फक्त ताट! तरी पौलाने त्याला सगळ्यांसमोर तोंडावर सुनावलं. 'हा तुमचा घरगुती मामला' असं तो म्हणाला नाही. हे वागणं सुवार्तेच्या सत्याला धरून नाही, असं त्याचं म्हणणं होतं. करिंथच्या मंडळीलाही त्याने हेच झापलं. तिथे काही जण आधी खाऊन पिऊन मोकळे व्हायचे आणि गरीब उपाशी राहायचे. तुम्ही खाता ते प्रभूचं भोजन नव्हेच, असं त्याने कळवलं.

दुसरं उत्तर जरा शहाणपणाचं असतं. राहणी, बोली, घरचे रिवाज जुळायला नकोत का? जरूर जुळावेत. पण ते तपासायचं तर मुलाला-मुलीला विचारा, त्यांना चार वेळा भेटू द्या. त्यासाठी पणजोबांची चौकशी कशाला? मी आणि ती, दोघं एकाच शहरात वाढलो, एकाच प्रकारच्या कॉलेजात शिकलो, एकाच पुस्तकातली गीतं गात आलो. न जुळणारी गोष्ट कुठली होती ते सगळ्यांना माहीत आहे.

इथे मला लक्ष्मीबाई टिळक आठवतात. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई पुढे नवऱ्याकडे राहायला आल्या, तरी आपलं सोवळं आणि वेगळा स्वयंपाक सांभाळून होत्या. मग स्वतःशीच विचार करून त्यांनी ते सोडलं, आणि बाप्तिस्मा घेतला १९०० मध्ये. म्हणजे त्यांची जात आधी सुटली आणि बाप्तिस्मा नंतर झाला. आमच्यात पणजोबांचा बाप्तिस्मा झाला आणि पणतवंडांची जात अजून सुटायची आहे.

आणखी एक दुटप्पीपणा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या यादीत जवळजवळ फक्त हिंदूंना ठेवलं. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, दलित ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. धर्म बदलला तरी जात चिकटून राहते, हे आपलं म्हणणं आपण वर्षानुवर्षं सरकारला आणि कोर्टाला सांगतोय. २०२२ मध्ये केंद्राने बालकृष्णन आयोग नेमला तो याच प्रश्नासाठी. ही मागणी मला शंभर टक्के मान्य आहे. पण सरकारपुढे आपण म्हणतो जात गेलेली नाही, ऑफिसात म्हणतो आमच्यात जातच नाही, आणि घरी फोनवर विचारतो पूर्वीचे कोण!

सेवाकार्याचंही तेच. आमच्या तरुण संघात सेवा म्हणजे साउंड, प्रोजेक्टर, गिटार आणि वर्षातून एकदा गावाकडचं शिबिर. तिथे आम्ही एका ताटात जेवतो, फोटो काढतो, 'सगळे देवाची लेकरं' यावर संदेश देतो. परत आलो की त्याच गावचं स्थळ 'आपल्यात बसत नाही'. पाळक दारूवर बोलतात, मोबाइलवर तर फारच बोलतात; या विषयावर मी आजवर एकही संदेश ऐकलेला नाही. लग्नापूर्वी उपासनेत जाहीर विचारतात, या विवाहाला कुणाची हरकत आहे का? जे विवाह या एका प्रश्नापायी झालेच नाहीत, त्यांच्याबद्दल कुणी विचारावं?

असो. तिचं लग्न झालं, चांगलं चाललंय असं ऐकतो. माफी मागायला गेलो तर तिलाच त्रास, म्हणून गेलो नाही. पण घरी सांगून टाकलंय, की यापुढे माझ्यासाठी कुणी 'पूर्वीचे कोण' विचारलं तर त्या घरी मीच फोन करून खरं कारण सांगेन, प्रार्थनेचं नाव न घेता. मावशी महिनाभर बोलत नव्हती. आता बोलते, पण स्थळं आणत नाही :)

आणि ऑफिसात पुढच्या वेळी कुणी म्हणालं, तुमच्यात बरं आहे बाबा, तर कप खाली ठेवून सांगणार आहे, "आहे रे, आमच्यातही आहे."