नव्व्याण्णव टक्के उजेड

वादळ ओसरले की शासनाच्या मुखी एक आकडा येतो. आधी ‘साठ टक्के वीजपुरवठा पूर्ववत’, मग ‘नव्वद टक्के’, आणि शेवटी सुटकेच्या निःश्वासासह ‘नव्व्याण्णव टक्के’. हा आकडा बहुधा खरा असतो. तरीही तो सत्य झाकण्याच्या कामी येतो, असे आमचे स्पष्ट मत आहे. उरलेला एक टक्का कोण, तो कोठे राहतो आणि त्याची पाळी शेवटी का आली, हे तो आकडा कधीच सांगत नाही. मेंढपाळाने नव्व्याण्णव मेंढरे सोडून हरवलेल्या एकाच्या शोधात निघावे, असे शिकवणाऱ्या प्रभूचे आपण अनुयायी. या आकड्यावर आपण तरी समाधान मानू नये.

उदाहरण घेऊ प्यूर्तो रिकोचे. अमेरिकेच्या आधिपत्याखालील, परंतु शतकानुशतके कॅथलिक श्रद्धेत वाढलेले हे कॅरिबियन बेट. २० सप्टेंबर २०१७ रोजी मारिया चक्रीवादळ त्यावर आदळले आणि साऱ्या बेटाची वीज गेली. सुमारे १५ लाख ग्राहक अंधारात बुडाले. पुरवठा पूर्ववत झाल्याची घोषणा व्हायला ऑगस्ट २०१८ उजाडला. जवळजवळ अकरा महिने लागले.

या काळात माणसे मरत होती. शासन मात्र कित्येक महिने मृतांचा आकडा ६४ असाच सांगत राहिले. जून २०१८ मध्ये लोकांनी सान हुआन येथील विधिमंडळाच्या इमारतीसमोर आपल्या मृतांचे जोडे आणून मांडले; ज्यांची गणती झाली नव्हती, त्यांची पादत्राणे साक्षीला उभी राहिली. पुढे शासनानेच नेमलेल्या जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी फेब्रुवारी २०१८ पर्यंतचे अधिकचे मृत्यू २,९७५ असल्याचा अंदाज वर्तवला आणि शासनाने तो मान्य केला. मृत्यूचा धोका गरीब नगरपालिकांत अधिक होता आणि तो अधिक काळ टिकला, असेही त्या अभ्यासात आढळले. यांतील प्रत्येक मृत्यूला विजेचा अभावच कारण झाला, असे कोणी म्हणणार नाही. परंतु डायलिसिसचे यंत्र, प्राणवायूचे यंत्र, इन्सुलिन थंड ठेवणारा फ्रीज, पाणी चढवणारा पंप यांतले विजेवाचून काय चालते? व्हिएकेस या लहान बेटावरील रुग्णालय निकामी झाले, तेव्हा तेथील डायलिसिसच्या रुग्णांना उपचारांसाठी वारंवार विमानाने मुख्य बेटावर न्यावे लागले.

येथे अभियंते आम्हांला थांबवतील. ते म्हणतील, “फादर, वीज अशीच जोडावी लागते. आधी वीजकेंद्र, मग उच्चदाबाच्या वाहिन्या, मग उपकेंद्र, मग रुग्णालये व पाणीपुरवठा, मग जेथे एका दुरुस्तीत हजार घरे उजळतात तो फीडर. आणि शेवटी जेथे दहा खांब उभारून दोन घरे उजळतात ती वाडी. हे गणित आहे, अन्याय नव्हे.” त्यांचे म्हणणे आम्ही मान्य करतो. पावसात खांबावर चढणाऱ्या वायरमनविषयी तर आमच्या मनात केवळ कृतज्ञता आहे. आहे त्या जाळ्याची दुरुस्ती याच क्रमाने करावी लागेल.

परंतु आमचा प्रश्न दुरुस्तीच्या क्रमाच्या अलीकडचा आहे. हे जाळे असे विणले कोणी? प्यूर्तो रिकोत विजेची मोठी केंद्रे दक्षिण किनाऱ्यावर आणि सर्वाधिक मागणी उत्तरेस, राजधानीच्या परिसरात. दोहोंच्या मध्ये डोंगररांग. म्हणजे राजधानीकडे जाणारी वीज डोंगरातल्या गरिबांच्या डोक्यावरून जाते. आणि वादळानंतर सर्वांत शेवटी उजळतात ती त्यांचीच घरे. हा क्रम निसर्गाने लावून दिलेला नाही. तो कागदावर आखला गेला, मंजूर झाला आणि पुढे दशकानुदशके तसाच चालवला गेला. अशा वेळी ‘देवाची इच्छा’ असे म्हणणे म्हणजे माणसांच्या निर्णयांचे माप परमेश्वराच्या पदरात घालणे होय.

त्यातून पैशाचा व्यवहार पाहा. बेटाच्या वीज प्राधिकरणावर सुमारे ९ अब्ज डॉलरचे कर्ज होते आणि वादळापूर्वीच, जुलै २०१७ मध्ये, त्याने दिवाळखोरीचा अर्ज केला होता. वादळानंतर दुरुस्तीचे ३० कोटी डॉलरचे कंत्राट दिले गेले ते मोंटाना राज्यातील व्हाइटफिश नावाच्या कंपनीला. वादळ आले तेव्हा तिचे पूर्णवेळ कर्मचारी होते अवघे दोन! गदारोळ झाला आणि ऑक्टोबरअखेर ते कंत्राट रद्द करावे लागले. पुढे वाहिन्यांचा कारभार खाजगी कंपनीकडे गेला. जाळ्याची घडण मात्र तीच राहिली. सप्टेंबर २०२२ मध्ये मारियाहून कितीतरी सौम्य असे फिओना वादळ आले आणि बेट पुन्हा संपूर्ण अंधारात गेले. १६ एप्रिल २०२५ रोजी, ऐन पवित्र सप्ताहात, वादळ नसतानाही तेच घडले.

याच बेटावर आदहुंतास नावाचे डोंगरी गाव आहे. खाणींना विरोध करण्यासाठी १९८० साली तेथे ‘कासा पुएब्लो’, म्हणजे ‘लोकांचे घर’, ही संस्था उभी राहिली. तिच्या छपरावर सौरपट्ट्या होत्या. मारियानंतर सारा डोंगर काळोखात असताना त्या घरात दिवा होता. लोक तेथे वैद्यकीय यंत्रे चालवायला, फोन चार्ज करायला येत. संस्थेने हजारो सौरदिवे वाटले. २०२३ साली गावच्या चौकातील दुकानांसाठी सौरविजेचे स्वतंत्र छोटे जाळे सुरू झाले. ज्यांची पाळी शेवटी येते, त्यांनी पाळीची वाट पाहणेच सोडून दिले.

ख्रिस्तसभेला हा विचार परका नाही. जे काम लहान समूह स्वतः करू शकतो, ते मोठ्या सत्तेने त्याच्या हातून काढून घेऊ नये, हे तत्त्व पोप अकरावे पायस यांनी १९३१ साली मांडले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात स्थानिक स्वावलंबन साधणाऱ्या ऊर्जा सहकारी संस्थांचा आवर्जून उल्लेख केला. व्हॅटिकनने तर २००८ मध्येच आपल्या सभागृहाच्या छपरावर सौरपट्ट्या बसवल्या.

आणि आपण? ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने श्रीवर्धन-मुरूडच्या वाड्या आठवडेच्या आठवडे अंधारात ठेवल्या. मे २०२१ च्या तौक्ते वादळात वसईच्या गावांनीही तो अनुभव घेतला. आपण मेणबत्त्या वाटल्या, ताडपत्र्या वाटल्या आणि वीज येताच सारे विसरलो. दया पुरेशी नाही, वाचकहो. न्याय मागावा लागेल आणि काही अंशी स्वतः उभारावा लागेल. टक्केवारी जाहीर करणाऱ्याने अंधारातल्या वाड्यांची नावे आणि त्यांना वीज मिळण्याची तारीखही जाहीर करावी, हा आग्रह आपण धरू. ज्यांचा श्वास यंत्रावर चालतो, अशांची यादी प्रत्येक धर्मग्रामात असू द्या. आणि चर्चच्या किंवा शाळेच्या छपरावर सौरपट्ट्या बसवाल, तेव्हा बॅटरीची सोय करा. केवळ बिल कमी करण्यासाठी जोडलेल्या पट्ट्या मुख्य पुरवठा खंडित होताच स्वतःही बंद पडतात, हे फार थोड्यांना ठाऊक असते. सणाच्या रोषणाईवर होणारा खर्च एक वर्ष या कामी वळवला, तर कोणत्याही संताचा अवमान होणार नाही. पुढच्या वादळाच्या रात्री एखाद्या वृद्धेचे प्राणवायूचे यंत्र आपल्या सभागृहात चालू राहिले, तर त्या वर्षीचा सण खऱ्या अर्थाने साजरा झाला, असे आम्ही मानू.