प्रश्न विचारणाऱ्याने उत्तराला जामीन राहावं



आमच्या बडोद्याच्या मराठी मंडळात दर पावसाळ्यात सामान्यज्ञानाची सांघिक लीग होते. आठ संघ, प्रत्येक संघात चार जण, त्यात एक अठराच्या आतला आणि एक साठीच्या पुढचा हवाच. रविवारी दोन सामने, मध्यंतरात शेव-उसळ. प्रश्न गेली सहा वर्षं मी काढतो. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाच्या गळ्यात मंडळाचा हिशेब, मंडळाची निवडणूक आणि असली कामं आपोआप येऊन पडतात. मला ते आवडतंही, खोटं कशाला बोलू.

आज लिहितोय ते यंदाच्या एका चुकीबद्दल. चूक माझी आहे, तेव्हा कोणी दुसऱ्याचं नाव शोधत बसू नये.

उपांत्य सामना होता. मी विचारलं, "अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या पहिल्या महिला अध्यक्ष कोण?" पाळी ज्या संघाची होती त्यातली अकरावीतली मुलगी क्षणभरही न थांबता म्हणाली, "कुसुमावती देशपांडे. ग्वाल्हेर, १९६१." माझ्या हातातल्या कागदावर लिहिलं होतं दुर्गा भागवत. मी म्हटलं, चूक. ती म्हणाली, "नाही आजोबा, माझी आजी स्वतः तिथे होती." आणि मी माईकवरून म्हणालो, "बाळ, आजीचं राहू दे, पुस्तकात काय आहे ते सांग." सभागृह हसलं. ती खाली बसली. प्रश्न पुढे गेला, समोरच्या संघाने दुर्गा भागवत सांगितलं आणि बोनसचे पाच गुण घेतले.

शेवटी गुण झाले ११५ आणि १०५. मुलीचा संघ बाहेर. आता हिशेब बघा. बरोबर उत्तराचे दहा तिच्या संघाला मिळायला हवे होते, आणि समोरच्यांचे पाच मिळायलाच नको होते. म्हणजे ११५ विरुद्ध ११०, तिचा संघ जिंकलेला. एका खोट्या नोंदीने दोन्ही खाती बिघडली. चाळीस वर्षं जमा-नावे करणाऱ्या माणसाला हे त्याच रात्री कळायला हवं होतं. कळलं तीन आठवड्यांनी, अंतिम सामना होऊन चषक दिल्यावर. वाचनालयात दुसरंच काही शोधत होतो, तर संमेलनाध्यक्षांची यादी समोर आली. १९६१, ग्वाल्हेर, कुसुमावती देशपांडे. दुर्गाबाई १९७५ च्या, कऱ्हाडच्या. मधे चौदा वर्षं.

माझं उत्तर आलं कुठून? फोनवर फिरत असलेल्या दोनशे प्रश्नांच्या एका यादीतून. पण खरं सांगायचं तर यादीला दोष देऊन मी सुटत नाही, कारण मलाही मनातून तेच वाटत होतं. आणीबाणीत कऱ्हाडला दुर्गाबाई जे बोलल्या त्याची चर्चा आमच्या पिढीने इतकी ऐकली की पहिल्या त्याच, असं डोक्यात बसून गेलं. कुसुमावतीबाई समीक्षक, कवी अनिलांच्या पत्नी, आणि संमेलन झालं त्याच वर्षी त्या गेल्या. गाजलेली आठवण शांत आठवणीला झाकून टाकते. यादी माझ्या समजाशी जुळली म्हणून मी ती तपासली नाही. बँकेत याला सही न पडताळता चेक पास करणं म्हणतात, आणि बहुतेक वेळा असा चेक ओळखीच्याच माणसाचा असतो.

यादी हाती आली तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. २०२५ च्या दिल्ली संमेलनापर्यंत सहा स्त्रिया अध्यक्ष झाल्या: कुसुमावती देशपांडे, दुर्गा भागवत, शांता शेळके, विजया राजाध्यक्ष, अरुणा ढेरे, तारा भवाळकर. गावं बघा. ग्वाल्हेर, कऱ्हाड, आळंदी, इंदूर, यवतमाळ, दिल्ली. सहापैकी तीन महाराष्ट्राबाहेर! त्यातही ग्वाल्हेर आणि इंदूर म्हणजे आपल्यासारख्याच पिढ्यान्‌पिढ्या बाहेर राहिलेल्यांची गावं. आणि बाहेरच्याच एका गावात बसून मी पहिल्या स्त्री अध्यक्षांना यादीतून खोडलं, तेही ग्वाल्हेरहून लग्न होऊन आलेल्या बाईच्या नातीला चूक ठरवून.

मी कार्यकारिणीला पत्र दिलं की निकाल दुरुस्त करा. त्यावर जे ऐकलं ते असं: "साहेब, खेळच आहे हो. चषक दिला, फोटो झाले, आता कशाला उकरताय?" एक जण म्हणाले, पोरांना काही वाटत नसतं, ती विसरतात. (पोरं विसरतात हा मोठ्यांचा फार सोयीचा समज आहे. मला चौथीतलं एक चुकीचं ठरवलेलं गणित अजून आठवतं.)

खेळच आहे, हे मलाही मान्य आहे. पण आमच्या वेळी जून आणि डिसेंबर अखेरीला खाती जुळवताना एक रुपयाचा फरक आला तरी रात्री नऊ-दहापर्यंत बसायचो. नवीन पोरगा वैतागून म्हणायचा, साहेब, एक रुपया मी खिशातून टाकतो. मुद्दा रुपयाचा नसायचा. पाच हजारांची एक चूक इकडे आणि चार हजार नऊशे नव्व्याण्णवची एक तिकडे, अशांची वजाबाकीसुद्धा एक रुपयाच दिसते. छोटा फरक कशावर बसलाय ते उघडल्याशिवाय समजत नाही. इथेही फरक पाच-दहा गुणांचा दिसतो. उघडून पाहिलं तर खाली काय निघालं? प्रश्न काढणारा एकटा, तपासणारा कोणी नाही, उत्तराला आधार काय ते लिहिलेलं नाही, हरकत घ्यायची सोय नाही, आणि हातात माईक असलेल्याचं खरं. सहा वर्षांत असे किती चेक मी पास केले असतील, देव जाणे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की प्रश्न विचारणाऱ्याने उत्तराला जामीन राहिलं पाहिजे. उत्तर कुठून घेतलं ते प्रश्नाखाली लिहायचं, दुसऱ्या माणसाने ते उघडून बघायचं, आणि मगच तो प्रश्न पेटीत जायचा. बँकेत एक जण व्हाउचर बनवतो, दुसरा पास करतो. दोन्ही सह्या एकाच हाताच्या चालत नाहीत.

दुसरं म्हणजे तारीख. ताळेबंदावर अमुक तारखेचा असं लिहिलेलं नसेल तर तो ताळेबंदच नव्हे. आपले निम्मे प्रश्न मात्र बिनतारखेचे. भारतात राष्ट्रीयीकृत बँका किती? १९ जुलै १९६९ ला १४ घेतल्या. गंमत म्हणजे त्यात आमच्या गावची बँक ऑफ बडोदा होती, जी महाराज सयाजीरावांनी २० जुलै १९०८ ला सुरू केली, म्हणजे एकसष्ट वर्षं पुरी व्हायला एक दिवस कमी असताना ती सरकारची झाली. १५ एप्रिल १९८० ला आणखी ६ घेतल्या, झाल्या २०. १९९३ मध्ये न्यू बँक ऑफ इंडिया पंजाब नॅशनल बँकेत विलीन झाली, राहिल्या १९. पुढे विलीनीकरणं होत होत १ एप्रिल २०२० पासून सार्वजनिक क्षेत्रातल्या बँका स्टेट बँक धरून १२. आता सांगा, साठीच्या पुढच्या सभासदाने १४ म्हटलं आणि नातवाने १२ म्हटलं तर कोण चुकलं? प्रश्न चुकला. महाराष्ट्रात जिल्हे किती, १९६० ला २६ आणि पालघर झाल्यावर ३६. ग्रह नऊ की आठ, २००६ च्या आधीचं पुस्तक की नंतरचं. अभिजात भाषा किती, तर ३ ऑक्टोबर २०२४ ला आपल्या मराठीसकट पाच वाढल्या. आमच्या लीगमध्ये या तारखांवरून आजी-आजोबा आणि नातवंडं खरोखर भांडली आहेत, आणि प्रत्येक वेळी आम्ही पोरांना बरोबर धरून म्हाताऱ्यांना "तुमचं जुनं झालं" असं सांगितलंय. जुनं झालं नव्हतं, आम्ही तारीख घातली नव्हती.

आता कोणी म्हणेल, मग आजी-आजोबा सांगतील तेच खरं धरायचं का? नाही. तसंही नाही, आणि त्याचं उदाहरण माझ्याच घरात आहे. माझे वडील १९४७ च्या रणजी अंतिम सामन्याची गोष्ट सांगायचे. बडोदा विरुद्ध होळकर. दोन्ही मराठी संस्थानं, एकाकडे विजय हजारे, दुसऱ्याकडे सी. के. नायडू. चौथ्या विकेटला ५७७ धावांची भागीदारी झाली, आणि जगात कोणत्याही विकेटची ती सर्वांत मोठी भागीदारी म्हणून २००६ मध्ये जयवर्धने आणि संगकाराने कोलंबोत ६२४ करेपर्यंत टिकली. वडील सांगायचे, हजारेंनी ३१९ केल्या आणि गुल महंमदने २८८. मी पुढे शाळेत, कॉलेजात, बँकेच्या कँटीनमध्ये हेच छातीठोकपणे सांगत फिरलो. प्रत्यक्षात उलटं आहे. ३१९ गुल महंमदच्या आणि २८८ हजारेंच्या. वडील खोटं बोलत नव्हते. हजारे सांगलीचे, आपले, त्यामुळे मोठा आकडा त्यांच्या नावावर सरकला असणार. सामना ज्याने पाहिला त्याच्यासुद्धा आठवणीत प्रेमाची भर पडते.

तेव्हा आजीचं म्हणणं पुस्तकाशी ताडून बघायचं आणि पुस्तकाचं आजीशी. मी त्या दिवशी दोन्हीपैकी एकही केलं नाही. एक फोनवरची यादी धरली आणि तिलाच पुस्तक म्हटलं.

आणखी एक तक्रार आहे, तीही माझ्याचविरुद्ध. आमच्या प्रश्नांत सगळ्यात उंच, सगळ्यात लांब, पहिला, शेवटचा, राजधानी, चलन याच गोष्टी फार. मंगोलियाची राजधानी आमच्या पोरांना येते. पण सक्तीचं प्राथमिक शिक्षण सयाजीरावांनी आधी १८९३ मध्ये अमरेलीत करून पाहिलं आणि मग १९०६ मध्ये सगळ्या राज्यात लागू केलं, हे सांगणारे मला दोनच भेटले. दादासाहेब फाळके आपल्या बडोद्याच्या कलाभवनात शिकले, १९२१ चं साहित्य संमेलन न. चिं. केळकरांच्या अध्यक्षतेखाली इथे भरलं, हे विचारलं की सभागृह गप्प. लता मंगेशकर इंदूरच्या जन्माच्या, हे इंदूरकर मंडळींना सांगायची गरज नाही, पण आमच्या लीगमध्ये गोवा हे उत्तर दोनदा आलं. मंगोलिया काढून टाका असं मी म्हणत नाही. पण ज्या प्रश्नाचं उत्तर चार गल्ल्या पलीकडच्या घरात कोणाला तरी आठवतं, तो प्रश्न पोराला त्या घरापर्यंत नेतो, आणि तिथे गेल्यावर तो एका उत्तरावर थांबत नाही.

निकालाचं म्हणाल तर चषक परत मागू नये असं माझं मत आहे. जिंकलेल्या पोरांनी काही वाईट केलं नाही. पण मंडळाच्या नोंदवहीत उपांत्य सामन्याचे गुण ११५-११० असे लाल शाईने दुरुस्त करून खाली कारण आणि माझी सही असावी, आणि पुढच्या लीगच्या पहिल्या दिवशी हे माईकवरूनच वाचून दाखवावं. हसलेलं सभागृह होतं, दुरुस्ती कानात सांगून चालायची नाही. कार्यकारिणी अजून विचार करते आहे. मी मात्र पत्र मागे घेणार नाही.

मागच्या आठवड्यात दांडिया बाजारात त्या मुलीच्या घरी गेलो. तिची माफी मागितली. ती लाजली, "जाऊ द्या ना आजोबा" म्हणून आत पाणी आणायला गेली. आजी झोपाळ्यावर बसल्या होत्या. मी विचारलं, "ताई, तुम्हाला त्या संमेलनातलं काय आठवतं?" म्हणाल्या, "अहो भाऊसाहेब, आम्ही तेव्हा लश्करात राहायचो, मी तेरा-चौदा वर्षांची. भाषणातलं एक अक्षर आठवत नाही. उभं राहून पाय दुखले तेवढे आठवतात. आईने दंड धरून मला पुढे ढकललं आणि म्हणाली, नीट बघून ठेव."

मी वही बरोबर नेली होती. तारीख घालून तेवढं लिहून घेतलं. मग त्यांना विचारलं, पुढच्या वर्षी नातीच्या संघात साठीच्या पुढच्या जागेवर तुम्ही बसाल का? त्या म्हणाल्या, बसेन, पण प्रश्न तुम्ही एकट्याने काढणार असाल तर नाही.

इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, गोवा, हैदराबादच्या मंडळींनी आपल्या गावचा एकेक प्रश्न मला पाठवावा. उत्तर कुठून घेतलं तेही सोबत लिहा. तपासायला दुसरा माणूस मला मिळालाय, तो अकरावीत आहे.