ब्लॉगची शाकारणी

कोकणात ज्यांचं कौलारू घर आहे त्यांना शाकारणी म्हणजे काय हे सांगायला नको. मे महिना संपायच्या आत छपरावर चढायचं, फुटकी कौलं काढायची, सरकलेली नीट बसवायची. मागच्या पावसात घर गळलं नसलं तरीही! 'गळल्यावर बघू' असं तिथं कुणी म्हणत नाही, कारण गळायला लागल्यावर भर पावसात छपरावर चढता येत नाही.

स्वतःची जागा घेऊन, त्यावर स्वतः वर्डप्रेस चढवून ब्लॉग लिहिणाऱ्यांनी अपग्रेडकडे असंच पाहावं, असं माझं मत आहे. पण आपल्यातल्या बऱ्याच जणांचं म्हणणं वेगळंच असतं. "चालतंय ना व्यवस्थित? मग कशाला हात लावायचा?"

आधी या म्हणण्याची बाजू घेतो, कारण ते अगदीच निराधार नाही.

वर्डप्रेसची पहिली आवृत्ती आली २७ मे २००३ ला. बी२ नावाच्या, बंद पडत आलेल्या एका प्रणालीवर मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल या दोघांनी ती उभी केली. पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, मूव्हेबल टाइपने आपल्या परवान्याच्या अटी बदलल्या आणि चिडलेले ब्लॉगर तिथून उठून वर्डप्रेसकडे आले. फुकट, मुक्त आणि पाच मिनिटांत बसणारं! बसवायला पाच मिनिटं लागायची हे खरंच, पण अपग्रेडला रविवारची दुपार जायची. डेटाबेसची प्रत काढा, सगळी प्लगइन्स बंद करा, जुने फोल्डर उडवा, नवे एफटीपीने चढवा, त्यात आपल्या चित्रांचा आणि थीमचा फोल्डर चुकूनही उडवू नका, मग अपग्रेडचं पान उघडून देवाचं नाव घ्या... ज्यांनी हे केलंय त्यांच्या मनात अपग्रेडची धास्ती बसली असेल तर नवल नाही.

आणि आपल्याला, म्हणजे देवनागरीत लिहिणाऱ्यांना, एक जास्तीची धास्ती होती. मायएसक्यूएल हा डेटाबेस मूळचा स्वीडनचा. कुणी वेगळं सांगितलं नाही तर तो मजकूर लॅटिन लिपीचा समजून स्वीडिश वर्णक्रमाने लावायचा. त्यामुळे आपलं मराठी वर्षानुवर्षं लॅटिनची पाटी लावलेल्या खणात पडून होतं. ठेवणारा आणि काढणारा दोघंही तीच पाटी वाचत होते, म्हणून पानावर सगळं ठीक दिसायचं. २००७ मध्ये वर्डप्रेस २.२ आलं, नव्या कॉन्फिग फायलीत 'यूटीएफ-८' असं स्पष्ट लिहिलेलं आलं, आणि ज्यांनी जुन्या डेटाबेसला ती फाइल जशीच्या तशी जोडली त्यांच्या ब्लॉगवर मराठीच्या जागी वेगळंच काहीतरी उमटलं. प्रत्येक अक्षराच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेलं रोमन ए आणि त्यामागे चलनाची चिन्हं. दीर्घ वेलांटी असेल तिथे येन आणि युरो दोन्ही! आपल्या लिखाणाला परकीय चलनात मोल मिळाल्याची तेवढी एकच वेळ. :-)

पण यातलं तांत्रिक मर्म लक्षात घ्या. ते अपग्रेडमुळे बिघडलेलं नव्हतं. ते आधीपासूनच चुकीच्या खणात होतं, अपग्रेडने फक्त दिवा लावला. मूळ बाइट्स शाबूत असत, पाटी बदलली की मराठी परत यायचं. कायमचं जायचं ते घाबरून भलतंच रूपांतर केल्यावर. एकदा सगळीकडे प्रश्नचिन्हं दिसायला लागली की त्यातून अक्षरं परत येत नाहीत.

आता दुसरी बाजू.

'चालतंय' हे आपल्याला दिसतं तेवढंच असतं. सप्टेंबर २००९ मध्ये जुन्या वर्डप्रेसवर एक किडा फिरत होता. तो स्वतःला गुपचूप व्यवस्थापक करून घ्यायचा, वापरकर्त्यांच्या यादीत दिसणार नाही अशी सोय करायचा आणि जुन्या नोंदींत जाहिरातींच्या लिंका पेरायचा. आपल्याच ब्लॉगवरच्या जुन्या नोंदी आपण कितीदा उघडतो? मालकाच्या मते ब्लॉग उत्तम चालू होता. ज्यांनी तेव्हाची ताजी आवृत्ती, २.८.४, चढवली होती त्यांना त्याचा त्रास नव्हता.

दुसरं उदाहरण २०१७ चं. ४.७ आणि ४.७.१ या आवृत्त्यांत एक भोक असं होतं की लॉगिन न करता कुणालाही तुमची नोंद बदलता यायची. दुरुस्ती २६ जानेवारीला ४.७.२ मधून आली, भोकाची जाहीर वाच्यता त्यानंतर सहा दिवसांनी केली गेली. सगळ्यांना अपग्रेड करायला मिळावं म्हणूनच ही सवड होती. तरी पुढच्या काही दिवसांत लाखो पानं विद्रूप झाली.

आणि समजा कुणीच हल्ला केला नाही, तरी खालची जमीन सरकतेच. वर्डप्रेस ज्या पीएचपीवर चालतं त्याच्या डिसेंबर २०१५ च्या ७.० आवृत्तीतून डेटाबेसशी बोलायची जुनी पद्धत काढून टाकली गेली. वर्डप्रेसची ३.९ च्या आधीची आवृत्ती त्यावर चालूच शकत नाही. पीएचपी ५.६ ची सुरक्षा-दुरुस्ती २०१८ अखेर थांबली, ७.४ ची नोव्हेंबर २०२२ मध्ये. जागा देणारी कंपनी एके दिवशी सर्व्हर बदलते आणि आपण कशालाही हात न लावता ब्लॉगचं पान पांढरंफटक होतं.

माझ्या नात्यातल्या एका काकांच्या ब्लॉगचं हेच झालं. गिरणीतल्या नोकरीबद्दल, चाळीबद्दल, संपाबद्दल पाच वर्षं नेटाने लिहिलं त्यांनी. मग तब्येत बिघडली, लिहिणं थांबलं, ब्लॉग तसाच राहिला. ते गेल्यावर वर्षभरात पान पांढरं झालं. पासवर्ड कुणाकडे नव्हता, नूतनीकरणाची पत्रं त्यांच्याच मेलवर जात राहिली, मुदत संपली, जागा गेली. काकूंनी प्रिंट काढून फायलीला लावलेले चाळीसेक लेख तेवढे उरले. बाकीचं कुठंही नाही.

म्हणून मी म्हणतो की अपग्रेडचा प्रश्न तंत्राचा नाहीच. आपलं लिखाण आपल्यामागे वाचता यावं असं वाटतं की नाही, एवढाच तो प्रश्न आहे.

यावर कुणी म्हणेल, "मग स्वतःचं घर हवंच कशाला? भाड्याने राहावं!" जरूर राहावं. पण भाड्याच्या घराचंही पाहिलंय आपण. जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं, पोस्टरस २०१३ मध्ये, गूगल प्लस २०१९ मध्ये, आणि टाइपपॅडसारखं वीस वर्षांहून जुनं घर २०२५ च्या सप्टेंबरअखेर पाडलं गेलं. तिथे छप्पर शाकारावं लागत नाही हे खरं, पण घर कधी पाडायचं हेही आपल्याला विचारत नाहीत.

एक तक्रार मात्र मला मान्य आहे. अपग्रेडच्या नावाखाली न मागितलेल्या गोष्टी गळ्यात पडतात. डिसेंबर २०१८ मध्ये ५.० आलं आणि साधी लिहायची पाटी जाऊन ठोकळ्यांचा संपादक आला. मला तो अजूनही आवडत नाही. पण त्यासाठी अपग्रेड थांबवणं म्हणजे रंग आवडला नाही म्हणून कौलं न बदलणं. जुना संपादक परत आणणारं अधिकृत प्लगइन आहे, मी तेच वापरतो.

माझा नियम साधा आहे. आवृत्तीचा तिसरा आकडा बदलला तर ती दुरुस्ती असते, ती लगेच झाली पाहिजे. २०१३ च्या ३.७ पासून ती आपोआप होतेच, कुणी बंद केली असेल तर चालू करा. पहिला किंवा दुसरा आकडा बदलला तर दोन आठवडे थांबा, इतरांना ठेचकाळू द्या, मग चढवा. जी प्लगइन्स वापरत नाही ती नुसती बंद न ठेवता काढून टाका.

आणि बॅकअप? ते सगळेच सांगतात. मी त्यात एक मराठी कलम जोडतो. डेटाबेसची जी प्रत काढाल ती फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडा आणि आपलं एक तरी वाक्य डोळ्यांनी वाचून पाहा. 'मराठी' असं दिसलं तर निर्धास्त झोपा. येन-युरो दिसले तर आत्ताच, शांतपणे, जाणत्याला विचारून खण बदलून घ्या. न वाचलेला बॅकअप हा बॅकअप नव्हे.

ज्यांचं लिहिणं थांबलंय आणि ज्यांना हे सगळं नको वाटतं, त्यांनी ब्लॉगची साधी एचटीएमएल पानं करून ठेवावीत. त्यात डेटाबेस नाही, प्लगइन नाही, अपग्रेडही नाही. प्रतिसादांची खिडकी बंद होईल, पण लिखाण राहील.

असो. माझी एकच विनंती आहे, ती ब्लॉगर मित्रांना तशीच घरच्यांनाही. डोमेन कुठून घेतलंय, मुदत कधी संपते, पासवर्ड कुठे आहे आणि बॅकअपची फाइल कोणत्या डिस्कवर आहे, या चार गोष्टी एका कागदावर लिहा आणि घरातल्या निदान एकाला तो कागद दाखवून ठेवा. तरुण भाचा-पुतण्या असेल तर उत्तमच. पुढचं अपग्रेड त्यालाच करायला बसवा, तुम्ही शेजारी खुर्ची घेऊन बसा.